घरातल्या झाडांसाठी रेड आणि फार-रेड एलईडी : कोणाला लावायचा, कोणाला नाही

उत्तर_बाल्कनी

घरातल्या झाडांना फार-रेड (म्हणजे तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्याला अंधुक दिसणारा प्रकाश) लावायचा का, हा प्रश्न बागकामाच्या गप्पांमध्ये इतक्यांदा आलाय की आता वेगळा धागाच काढते. माझा फ्लॅट वारज्यात, बाल्कनी उत्तरेला आणि समोर दुसरी बिल्डिंग, म्हणजे ऊन असं येतच नाही, त्यामुळे हॉलमध्ये लोखंडी रॅक करून त्यावर लाईट लावून मिरची-टोमॅटोची रोपं, बेसिल, लेट्यूस आणि आफ्रिकन व्हायोलेट असं सगळं चालतं. हल्ली ऑनलाईन जिकडे बघावं तिकडे ७३० नॅनोमीटरच्या (हे प्रकाशाच्या तरंगलांबीचं माप) फार-रेड पट्ट्या विकायला आल्यात आणि "फुलं दुप्पट, वाढ दुप्पट" असं त्यावर लिहिलेलं असतं. लोक घेतात, सगळ्याच झाडांवर लावतात आणि मग रोपं लुकडी का झाली म्हणून विचारतात. म्हणून माझं मत आधीच सांगून टाकते. फार-रेड हे खत नाहीये. झाडासाठी तो मुख्यतः एक निरोप आहे, आणि तो निरोप तुमच्या झाडाला द्यायचाय की नाही हे झाडागणिक ठरतं.

निरोप कसला ते सांगते. पान तांबडा प्रकाश (६६० च्या आसपासचा) भरपूर शोषून घेतं पण ७०० च्या पुढचा बराचसा आरपार जाऊ देतं किंवा परावर्तित करतं. म्हणजे एखाद्या मोठ्या झाडाखाली जो प्रकाश पोचतो त्यात तांबडा अगदी कमी उरतो आणि फार-रेड त्यामानाने खूप. उघड्या उन्हात तांबडा आणि फार-रेड यांचं गुणोत्तर साधारण १.२ असतं, दाट पानांखाली ते ०.२ किंवा त्याच्याही खाली जातं. झाडात फायटोक्रोम नावाचं एक रंगद्रव्य असतं, ते दोन बाजूंना पडणाऱ्या स्विचसारखं आहे, ६६० पडला की चालू बाजूला, ७३० पडला की बंद बाजूला. चालू रूप कमी झालं की झाडाला कळतं, आपल्या डोक्यावर कोणीतरी आहे, आता उंच व्हायला पाहिजे. मग पेरं लांबतात, देठ लांबतात, फांद्या कमी फुटतात, पानं फिकट होतात, आणि बऱ्याच झाडांना फूलही लवकर येतं.

मी एकाच पाकिटातलं मिरचीचं बी दोन ट्रेमध्ये लावून बघितलं, कोकोपीट तेच, पांढऱ्या बॅटन (ट्यूबलाईटसारख्या लांब एलईडी) त्याच, फक्त एका ट्रेवर ७३० ची पट्टी जास्तीची. पट्टीवाली रोपं नजरेत भरेल इतकी उंच झाली पण बुंधा बारीक, आणि कुंडीत लावताना काठीचा आधार द्यावा लागला. नुसत्या पांढऱ्याखालची बुटकी, जाड आणि गडद हिरवी. मिरचीचं रोप करताना आपल्याला ही बुटकीच पाहिजे असतात ना!

तर ज्यांनी ज्यांनी वापरलाय त्यांनी इथे लिहा. कोणतं झाड, किती लाईट, काय झालं.

निशिगंध

वाचनखूण साठवली. ताई, एक साधा प्रश्न. माझ्याकडे मनीप्लांट, झेडझेड आणि सिंगोनियम आहेत, पॅसेजमध्ये ठेवलेत, तिथे अंधारच असतो. मला रेड, फार-रेड यातलं काही घ्यायला हवं का?

उत्तर_बाल्कनी

निशिगंध, काही नको. साधा ४००० केल्विनचा पांढरा एलईडी, झाडाच्या जवळ, १०-१२ तास. पांढऱ्यात निळा, हिरवा, तांबडा सगळं असतं आणि ही तिन्ही झाडं कमी प्रकाशात तग धरणारी आहेत. सिंगोनियमला फार-रेड दिलात तर देठ लांबून ते अजून विसविशीत दिसेल. पैसे वाचवा, त्यात एखादी छान कुंडी येईल.

साधा_वाचक

धागा चांगला आहे पण मूळ मुद्द्यावरच शंका. आपल्याकडे पुण्यात वर्षातले आठ महिने कडक ऊन असतं, फुकटचं. हे सगळं नेदरलँड्ससारख्या देशात ठीक आहे, तिथे हिवाळ्यात ऊनच नसतं. इथे वीज जाळून झाडं वाढवणं मला पटत नाही.

उत्तर_बाल्कनी

ज्यांच्याकडे दक्षिण किंवा पूर्वेची गच्ची आहे त्यांनी लाईटच्या नादाला लागूच नये, हे मीही म्हणते. पण पुण्यात आता निम्म्या फ्लॅटची एक बाजू डक्टकडे किंवा समोरच्या भिंतीकडे असते. आणि जुलै-ऑगस्टमध्ये सलग ढग असतात, नेमकं तेव्हाच सप्टेंबर-ऑक्टोबरच्या लागवडीची रोपं करायची असतात.

विजेचा हिशोब : माझ्या एका कप्प्यावर २० वॅटच्या दोन बॅटन, म्हणजे ४० वॅट, १४ तास. दिवसाला ०.५६ युनिट, महिन्याला साधारण १७ युनिट. तुमच्या स्लॅबप्रमाणे गुणून बघा. कोथिंबिरीच्या जुडीसाठी हे परवडत नाही हे खरंच आहे. पण जी रोपं पुढे गच्चीत, गावच्या घरी किंवा मैत्रिणीच्या अंगणात जाऊन चार-सहा महिने मिरच्या देतात त्यांच्यासाठी मला परवडतं.

पेठेतला_इलेक्ट्रॉनिक्स

या विषयावर कधीपासून लिहायचं होतं, बरं झालं धागा निघाला. झाडांचं मला फार कळत नाही पण एलईडीचं कळतं, आणि लोक काय काय घेऊन येतात ते बघून खरंच काळजी वाटते.

पहिली गोष्ट म्हणजे ७३० च्या नावाखाली ८५० किंवा ९४० चे एलईडी गळ्यात मारले जातात. ते सीसीटीव्ही कॅमेऱ्याच्या नाईट व्हिजनचे असतात, झाडाला त्याचा काही उपयोग नाही, फायटोक्रोमची मजल तिथपर्यंत जातच नाही. ओळखायची सोपी पद्धत अशी की अंधाऱ्या खोलीत लावून भिंतीवर पडलेला उजेड बघा. ७३० मंद, गडद तांबडा दिसतो. ८५० चा जेमतेम एक ठिपका लुकलुकल्यासारखा दिसतो, ९४० डोळ्याला दिसतच नाही. पण एलईडीकडे सरळ टक लावून बघू नका, ७३० मंद दिसतो तो आपल्या डोळ्याला त्या रंगाची जाणीव कमी म्हणून, पॉवर पूर्ण असते आणि मंद दिसतो म्हणून डोळ्याची बाहुलीही आकसत नाही.

दुसरं, व्होल्टेज. निळा आणि पांढरा एलईडी साधारण ३ व्होल्टला चालतो, ६६० चा २ ते २.३ च्या आसपास आणि ७३० चा दोनच्या थोडा खाली. त्यामुळे हे सगळे एकमेकांना पॅरलल जोडले की सगळा करंट तांबड्यांतून जातो आणि ते जळतात. सिरीजमध्ये जोडा, कॉन्स्टंट करंट ड्रायव्हर (ठरलेलाच करंट देणारा वीजपुरवठा) वापरा, आणि ७३० ची लाईन वेगळी ठेवा म्हणजे वेगळा स्विच, वेगळा टायमर लावता येतो. ३ वॅटचा स्टार पीसीबी (ताऱ्याच्या आकाराच्या छोट्या पाटीवरचा एलईडी) असेल तर थर्मल पेस्ट लावून अॅल्युमिनियमच्या चॅनेलवर स्क्रूने घट्ट बसवा, नुसता डबल टेपने चिकटवला तर तापून लवकर मंदावतो.

आणि तिसरं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत, ऑनलाईनही, २२० व्होल्टला थेट लागणारे बिनड्रायव्हरचे सीओबी बोर्ड (एकाच पाटीवर दाटीने बसवलेले एलईडी) मिळतात, ५० वॅट, स्वस्त, गुलाबी उजेड. त्यात मेन्सची वायर सरळ बोर्डावर येते. इन्सुलेशन जरा कमी पडलं तर मागच्या हीटसिंकमध्ये (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागात) करंट उतरतो आणि आपण ओल्या हाताने स्प्रे बाटली घेऊन तिथेच उभे असतो. कृपा करून ते झाडांसाठी वापरू नका. आयसोलेटेड ड्रायव्हर (मेन्सची वीज एलईडीपासून वेगळी ठेवणारा) घ्या, बॉडीला अर्थिंग द्या, आणि घरात आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवून ते बसवून घ्या, लाईट नंतर.

निशिगंध

बापरे, माझ्या जावेकडे तसाच बोर्ड आहे. आत्ताच तिला फोन करते.

हडपसर_हायड्रो

मी धागाकर्तीशी थोडा असहमत आहे. माझ्याकडे एनएफटीचं (मातीशिवाय, वाहत्या पोषक पाण्यावर झाडं वाढवायचं) छोटं युनिट आहे, एका बंद खोलीत, लेट्यूस आणि बेसिल. पांढऱ्या आणि ६६० च्या जोडीला ७३० दिल्यावर लेट्यूसचा गड्डा स्पष्टपणे मोठा आणि लवकर तयार होतो हे मी बघितलंय, आणि हॉटेलवाल्याला वजन पाहिजे असतं. तेव्हा "फक्त निरोप" म्हणणं बरोबर नाही. प्रकाशसंश्लेषणातही त्याचा वाटा आहे.

उत्तर_बाल्कनी

मी "मुख्यतः" म्हटलंय हो, फक्त नाही. पण लेट्यूसबद्दल तुमचं बरोबरच आहे. त्याला उंच व्हायला खोडच नसतं, त्यामुळे तो निरोप मिळाला की पानं रुंद आणि लांब होतात, जास्त जागा व्यापतात, आणि जास्त प्रकाश पकडतात. मिरचीचं रोप तेच ऐकून खोड लांबवतं. लाल लेट्यूस लावलात तर मात्र बघा, फार-रेडखाली त्याचा लाल रंग फिका पडतो आणि पान पातळ होतं.

प्रकाशसंश्लेषणाचं कोणीतरी नीट समजावून सांगा, वनस्पतीवाली आहेत का इकडे?

वनस्पतीवाली

आहे आहे, वाचत होते. कृषी महाविद्यालयात शिकताना हा माझा सगळ्यात आवडता धडा होता त्यामुळे जरा लांबण लागेल.

१९५२ साली अमेरिकेच्या कृषी खात्याच्या बेल्ट्सव्हिल केंद्रात बोर्थविक आणि हेंड्रिक्स यांच्या गटाने लेट्यूसच्या ग्रँड रॅपिड्स वाणाचं बी घेतलं. हे बी उजेड मिळाला तर चांगलं उगवतं. भिजलेल्या बियांवर थोडा वेळ तांबडा प्रकाश टाकला की ते उगवायचं, लगेच फार-रेड टाकला की उगवायचं नाही, परत तांबडा, परत फार-रेड, असं कितीही वेळा करा, शेवटचा प्रकाश कोणता होता त्यावर सगळं ठरायचं. त्यावरूनच त्यांनी ओळखलं की आत एकच रंगद्रव्य आहे आणि ते दोन रूपांमध्ये उलटसुलट होतं. १९५९ मध्ये ते यंत्रावर दिसलं आणि मग त्याला फायटोक्रोम हे नाव पडलं. मला यातलं सौंदर्य अजूनही तितकंच वाटतं, नुसत्या बिया आणि दोन रंगांचे दिवे घेऊन माणसांनी केवढी मोठी गोष्ट शोधून काढली.

आता प्रकाशसंश्लेषण. १९५७ मध्ये रॉबर्ट इमर्सनने दाखवलं की ६८० च्या पुढचा प्रकाश एकटा दिला तर फारसं काही होत नाही, पण त्याच्या सोबत कमी तरंगलांबीचा प्रकाशही दिला तर दोन्हींच्या वेगवेगळ्या परिणामांच्या बेरजेपेक्षा जास्त काम होतं. कारण पानात दोन फोटोसिस्टिम (प्रकाश पकडणाऱ्या यंत्रणा) एकामागोमाग काम करतात, एक ६८० पर्यंतच्या प्रकाशावर आणि दुसरी ७०० च्या आसपासचाही प्रकाश वापरते. पांढऱ्या आणि ६६० च्या लाईटखाली दुसरी मागे पडते, थोडा फार-रेड दिला की दोघींचा मेळ बसतो. तरीही १९७० च्या दशकापासून ४०० ते ७०० एवढाच प्रकाश झाडाच्या उपयोगाचा म्हणून मोजायची पद्धत पडली. अलीकडे, २०२० च्या सुमारास, अमेरिकेतल्या युटा राज्य विद्यापीठात झेन आणि बगबी यांनी दाखवलं की ७५० पर्यंतचे फोटॉनही (प्रकाशकण), बाकीच्या प्रकाशासोबत असतील तर, जवळजवळ तितकेच उपयोगी पडतात. 'सोबत असतील तर' हे फार महत्त्वाचं आहे. एकट्या ७३० वर झाड जगत नाही.

म्हणून हडपसरवाले दादा आणि धागाकर्ती ताई दोघंही आपापल्या झाडापुरते बरोबर आहेत.

हडपसर_हायड्रो

वा, मस्त समजावलंत. प्रमाण विचाराल तर मी एकूण प्रकाशाच्या १०-१५ टक्क्यांवर फार-रेड नेत नाही, त्याच्या पुढे पानं लोळायला लागतात. आणि पंखा पाहिजेच, वाढ जोरात असली की मधल्या कोवळ्या पानांच्या कडा जळतात.

पेठेतला_इलेक्ट्रॉनिक्स

घरगुती भाषेत सांगायचं तर ४० वॅट पांढऱ्यामागे ४-५ वॅट ७३० पुष्कळ झाला. लोक बरोबरीने लावतात ते चूक.

साधा_वाचक

माझ्या शंकेला नीट उत्तर मिळालं, धन्यवाद. अजून एक, हा प्रकाश मोजायचा कसा? माझ्या फोनमध्ये लक्सचं अॅप आहे.

वनस्पतीवाली

पांढऱ्या एलईडीसाठी चालेल. लक्सला ७० ने भागा, साधारण मायक्रोमोल (दर चौरस मीटरवर दर सेकंदाला पडणाऱ्या प्रकाशकणांचं माप) मिळतात (उन्हासाठी ५४ ने). त्याला तासांनी आणि मग ०.००३६ ने गुणलं की दिवसभरात किती मोल प्रकाश मिळाला ते येतं. ताईंच्या कप्प्यावर समजा १०,००० लक्स आहे, म्हणजे १४० च्या आसपास मायक्रोमोल, १४ तासांचे सुमारे ७ मोल. रोपांना आणि मायक्रोग्रीन्सला ठीक. लेट्यूसला १२ तरी हवेत, म्हणजे २१० च्या आसपास मायक्रोमोल आणि १६ तास. बाहेर उघड्यावर निरभ्र दिवसात ४० मोलच्या आसपास मिळतात, त्यावरून घरातला उजेड किती तोकडा असतो ते कळेल. उत्तरेच्या खिडकीपासून थोडं आत गेलात तर १००० लक्ससुद्धा भरत नाहीत.

पण गुलाबी किंवा नुसत्या तांबड्या लाईटखाली लक्स बघू नका. लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे. ७३० खाली अॅप जवळजवळ शून्य दाखवेल.

निशिगंध

जाऊबाईंनी बोर्ड काढून ठेवला. तिचा प्रश्न असा की मग नवीन काय घ्यायचं, गुलाबी लाईट झाडांना चांगला असतो म्हणून तिने तो घेतला होता, पण सगळं घर जांभळं दिसायचं आणि मुलांचे डोळे दुखायचे.

उत्तर_बाल्कनी

गुलाबीमागे कारण आहे. क्लोरोफिल तांबडा आणि निळा सगळ्यात जास्त शोषतं, आणि ६६० च्या एलईडीतून एका वॅटला फोटॉन भरपूर मिळतात. नासासाठी जे सुरुवातीचे प्रयोग झाले त्यात आधी तांबडेच एलईडी होते, नुसत्या तांबड्याखाली झाडं नीट होत नाहीत म्हणून त्यात निळा घातला गेला. अंतराळ स्थानकात २०१४ मध्ये 'व्हेजी' नावाचं छोटं शेत गेलं त्यात तांबडा, निळा आणि हिरवा असे तिन्ही होते, आणि ऑगस्ट २०१५ मध्ये अंतराळवीरांनी त्यातलंच लाल लेट्यूस खाल्लं. हिरवा प्रकाश वाया जातो असं समजू नका, तो पानाच्या आतल्या थरांपर्यंत आणि खालच्या पानांपर्यंत पोचतो. शिवाय पांढऱ्या उजेडात पानावरचा मावा, पिवळेपणा लगेच दिसतो, जांभळ्यात काहीच कळत नाही. जाऊबाईंना म्हणावं चांगल्या कंपनीच्या साध्या पांढऱ्या बॅटन घ्या, झाडाच्या शेंड्यापासून वीतभर वर टांगा. टोमॅटो-मिरची घरातच मोठी करायची असेल तर थोडे ६६० जोडा. बास.

शेवंती_मावळ

रामराम मंडळी. आमचं शेवंतीचं पॉलिहाऊस आहे मावळात, तळेगावजवळ, त्यामुळे हा विषय आमच्या रोजच्या पोटापाण्याचा. घरातल्या झाडांचं माहीत नाही पण लाईटचं सांगतो.

शेवंतीला रात्र मोठी झाली की कळी धरते. आपल्याकडे डिसेंबरात दिवस ११ तासांचा आणि जूनमध्ये १३ च्या थोडा वर, म्हणजे फरक फार नाही, तरी तिला तो बरोब्बर कळतो. लावणी केल्यावर लगेच कळी धरली तर दांडी आखूड राहते आणि गुलटेकडीला मार्केट यार्डात तसल्या मालाला कोणी विचारत नाही. म्हणून लावणीनंतर काही आठवडे आम्ही रात्री साधारण १० ते २ लाईट लावतो, मोठी रात्र मधोमध तोडायची. दांडी पुरेशी झाली की लाईट बंद, आणि दिवस मोठे असतील तेव्हा संध्याकाळपासून काळं कापड ओढायचं. पूर्वी १०० वॅटचे पिवळे बल्ब लावायचे, बिल बघून झोप उडायची, आता एलईडी.

यात काम करतो तो तांबडा. एकाने आम्हाला नुसत्या फार-रेडच्या माळा घ्या म्हणून गळ घातली होती, आम्ही घेतल्या नाहीत. रात्र तोडायला तांबडाच लागतो, उलट तांबड्यानंतर लगेच फार-रेड दिला तर तांबड्याने केलेलं काम पुसलं जातं. पण दांडी लांबवायला संध्याकाळी थोडा फार-रेड देतात, त्याला अर्थ आहे. म्हणजे ताईंच्या मिरचीला जे नको तेच आमच्या फुलाला पाहिजे.

वनस्पतीवाली

दादा, फार सुंदर लिहिलंत. आणि जुन्या पिवळ्या बल्बमध्ये तांबडा आणि फार-रेड दोन्ही भरपूर असायचे, म्हणून ते कोणत्याही झाडावर थोडंफार काम करायचे. सीएफएल आणि साध्या पांढऱ्या एलईडीत फार-रेड नगण्य, त्यामुळे त्यांच्याखाली झाडं ठेंगणी राहतात. जे आपल्याला रोपांसाठी आयतंच मिळतं.

साधा_वाचक

शेवंतीचं वाचून एकदम डोक्यात आलं. आमच्याकडे पॉइन्सेटिया आहे, नर्सरीतून आणला तेव्हा वरची पानं लालभडक होती, त्यानंतर कधी लाल झालाच नाही, नुसता हिरवा वाढतोय. हॉलमध्ये असतो, आमच्याकडे रात्री १२ पर्यंत लाईट चालू असतात. हेच कारण का?

शेवंती_मावळ

हेच. त्यालाही शेवंतीसारखीच मोठी अखंड रात्र पाहिजे. दसऱ्याच्या सुमारापासून रोज संध्याकाळी ६ ते सकाळी ८ अंधाऱ्या खोलीत नाहीतर मोठ्या खोक्याखाली ठेवा, दिवसा भरपूर उजेडात. दीड-दोन महिने नेमाने करा. मधे उठून लाईट लावला तर मेहनत वाया जाते.

निशिगंध

आणि कोथिंबीर? आमच्या जाऊबाईंनी लाईटखाली लावली होती, वीतभर झाली आणि लगेच फुलावर आली.

वनस्पतीवाली

कोथिंबीर उलट गटातली, दिवस मोठा आणि गरमी असली की तिला तुरा येतो. १६ तास लाईट देऊ नका, ११-१२ पुरेत, आणि खोली थंड असेल तितकं बरं. अशा मोठ्या दिवसाच्या झाडांना फार-रेड फुलाकडे ढकलतो, म्हणून कोथिंबिरीला तो अजिबात नको. गुलाबी बोर्डात बऱ्याचदा एक-दोन ७३० चे ठिपकेही असतात, तेही बघा.

उत्तर_बाल्कनी

आफ्रिकन व्हायोलेटबद्दल दोघांनी खासगी निरोपात विचारलंय ते इथेच लिहिते. त्याला दिवस लहान की मोठा याने फरक पडत नाही, १२-१४ तास मध्यम पांढरा प्रकाश मिळाला की ते फुलत राहतं. ७३० लावला की देठ लांब होतात, पानं वर उचलली जातात आणि तो सुंदर बसका गोल आकार मोडतो.

मी आता ७३० फक्त लेट्यूसच्या कप्प्यावर ठेवलाय, वेगळ्या टायमरवर, पांढऱ्यासोबतच चालू आणि सोबतच बंद. पांढरा बंद झाल्यावर तो एकटा चालू राहत नाही याची काळजी घ्या, दिवस संपताना पाच-दहा मिनिटं नुसता फार-रेड मिळाला तरी झाडं रात्रीत ताणायला लागतात.

पेठेतला_इलेक्ट्रॉनिक्स

मग ताई, दोन टायमर कशाला? वीज गेली की साधे मेकॅनिकल टायमर मागे पडतात, दोन्ही वेगवेगळ्या सॉकेटवर असले तर वेळा जुळत नाहीत. एकाच टायमरवर दोन्ही ड्रायव्हर घ्या आणि ७३० च्या ड्रायव्हरला फक्त एक हाताचा स्विच द्या. टायमर बॅटरी बॅकअपवाला डिजिटल घ्या. रविवारी सोडून कधीही या, वायरिंगचं चित्र काढून देतो.